तुझ्या बापानं दिलेल्या निकालाबाबत

मु. अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
मंगळवार, धानाची चुरणी उरकल्यावर

चिरंजीव, अखंड यशवंत, मानवी हक्कांचे कैवारी, अॅडव्होकेट वीरेंद्र यास,

आत्या शकुनबाईचा आशीर्वाद. (अखंड यशवंत आईनं शिकवलं तसं लिहिलं, पुढचं तुझ्या कार्डावरून उतरवलं.) इकडे आम्ही ठीक आहो. तुझी तब्येत कशी आहे? नागपूरच्या ऑफिसात दिवसभर एसीत बसून तुझं नाक चोंदते असं तुझी आई सांगत होती, तर ओव्याची पुरचुंडी खिशात ठेवत जा. रिता सूनबाई बरी असेल. तिले सांग की आत्या तिच्यावर रागावली नाही, जे काही आहे ते तुझ्यावर आहे. फोनवरच बोलली असती, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याले "आत्या, मीटिंगमध्ये आहो" म्हणतो अन् माझं बोलणं तोंडातच राहते. अंगणवाडीत नोकरी केली म्हणून दोन अक्षरं लिहिता येतात, ती आज कामी आली. पत्राले मीटिंग सांगता येत नाही, पुरं वाचावं लागते.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू मले दोन कामं सांगितली. पहिलं, येत्या सोमवारी पवनीले रजिस्ट्रीत यायचं अन् बाबांच्या वावरातला माझा हिस्सा हक्कसोड करून तुझ्या बापाच्या नावानं मोकळा करून द्यायचा. दुसरं, महिन्याच्या शेवटी तुमच्या लॉ फर्मच्या खर्चानं मुंबईले यायचं अन् मोठ्या मोठ्या पाहुण्यांसमोर माइक धरून सांगायचं, की माझ्या भावानं मले हिस्सा दिला. अरे बाबू, हे दोन्ही एका दमात सांगताना तुझी जीभ अडखळली नाही? पवनीत सोडायचा अन् मुंबईत मिळाला म्हणायचं! एवढा कोडगेपणा कॉलेजात शिकवतात की ऑफिसात? मी तेव्हा "पाहू" म्हणून फोन ठेवला. आता पाहून झालं, म्हणून लिहून राहिली.

तुमच्या अहवालात काय छापलं ते तू वाचून दाखवलं. "परंपरा मोडणारा भाऊ", फोटोसकट. तर त्या दिवशी माझ्या माहेरी, कोंढ्याले, खरं काय झालं ते एकदा तुझ्या आत्याकडून ऐक. तू तिथं होता खरा, पण तुझं सारं ध्यान बॅनर सरळ लागला का नाही यातच होतं.

मले निरोप आला की कोंढ्याले ये, वीरेंद्रच्या ऑफिसचा मोठा कार्यक्रम आहे, बायायची गर्दी पाहिजे. माहेरचं बोलावणं म्हणून मी सकाळच्याच बसनं गेली. घरी पाहते तर वहिनीनं वडे तळलेले, पाटावर हिरवं लुगडं ठेवलेलं, अन् लुगड्यावर कागद. तवाच समजली. आपल्याकडे बहिणीनं सही द्यायची, भावानं लुगडं नेसवायचं अन् दोघांनी डोळे पुसायचे, हा नेमच आहे. जी सही देत नाही ती माहेराले आग लावणारी. तुझ्या बापानं सारं म्हणून दाखवलं. म्हणे, शकुन, तुझं लग्न लावून दिलं, बाळंतपणं केली, भाऊबीज कधी चुकवली नाही, आता वावरात कायले पाय घालते. (भाऊबीज चुकवली नाही हे खरं आहे. बाळंतपणं आईनं केली.) मी कागद वाचला. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, केवळ बंधुप्रेमापोटी." एवढं गोड कोणी लिहिलं म्हणून विचारलं, तर वहिनी अभिमानानं म्हणे, आमच्या वीरेंद्रनं! बोडीखालची बांधी, तळ्याच्या पाण्यावरचा तो धानाचा तुकडा, आता रस्त्याले लागली, तिले गिऱ्हाईक आलं, अन् तुले नागपुरात फ्लॅट पाहिजे, हेही भोळेपणानं तिनंच सांगितलं. माझ्या तोंडातला वडा तोंडातच राहिला. मी म्हटलं, आधी पोराचा कार्यक्रम होऊ द्या, सहीचं मग पाहू.

कार्यक्रमाचं काय सांगू बापा! ग्रामपंचायतीच्या हॉलात "कायदा सुधारणा व मानवी हक्क लोकसंवाद". तुमच्या मुंबई ऑफिसच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या, गळ्यात लाकडाचे मणी, अन् आमच्याकडे पाहून अशा हसत होत्या, जसं काही आम्ही नुकतेच दवाखान्यातून सुटून आलो. बाया आल्या त्या कोणत्यातरी योजनेचं केवायसी आहे समजून, साऱ्यांच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स. ती कोणी घेईना म्हणून आनंदाबाई शेवटपर्यंत चिडून होती. मग एकेकीले पिवळी चिठ्ठी दिली. तुमच्या मते तुमचा सगळ्यात मोठा हक्क कोणता, तो लिहा अन् भिंतीवर चिकटवा. बायायनं लिहिलं, चिकटवलं, अन् कोणीतरी पंखा लावला. सारे हक्क उडून सतरंजीखाली गेले. तुमची ती नवी वकील पोरगी, डिंपल, गुडघ्यावर रांगून हक्क गोळा करत होती. बिचारी एकटीच काम करून राहिली होती, बाकी तुम्ही सारे फोटोत.

मग तुझं भाषण. माझ्या समोर, काळा कोट घालून (पंख्याखालीही घामानं भिजलेला), तू छाती ठोकून म्हटलं, मुलगी जन्मानंच हिस्सेदार असते, तिचा हक्क ही भावाची मेहेरबानी नाही, अन् प्रेमाच्या नावाखाली घेतलेली सही म्हणजे सभ्य भाषेतली लूट. लूट! मी तर चाटच पडली. घरी पाटावरच्या कागदाची शाई वाळली नव्हती, अन् तो कागद लिहिणारा पोट्टा इथं लुटीवर भाषण देत होता. मले वाटलं उठावं अन् भरसभेत कान पिरगाळावा. पण बायायनं टाळ्या वाजवल्या, अन् खरं सांगते, माझाच भाचा म्हणून मीही वाजवल्या. त्याचा मले अजून राग येते.

आता तुमच्या अहवालात जे नाही ते. मॅडम म्हणे, आपण खोटं खोटं कोर्ट भरवू. डिंपलले कोण कोणाचं नातेवाईक काय माहीत? तिनं बहीण म्हणून मले उठवलं, भाऊ म्हणून गावातल्या सुखरामले, अन् जज म्हणून ऐटबाज मिशा पाहून थेट तुझ्या बापाले. तू मागून दोन्ही हात हालवत होता. मले वाटलं माशा हाकलते.

तुझ्या बापाचं जवानीतलं नाटकाचं वेड तुले माहीत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात आपला तुलाराम म्हणजे ठरलेला दुष्ट जमीनदार. विधवेचं वावर हडपायचा, गरिबाची पोरगी पळवायचा, अन् तिसऱ्या अंकात मार खायचा. बाया त्याले बाजारातही बोटं मोडायच्या. उभ्या जन्मात त्याले कोणी चांगल्या माणसाचा पार्ट दिला नाही. अन् इथं एकदम न्यायाधीश! खुर्चीत बसला तोच वेगळा बसला. अंगावर शाल घेतली, हातोडा नव्हता तर पाण्याची बाटली आपटली. सुखरामले बहीण ना भाऊ, ना वावर, पण तो बोलला असा की विचारू नको. हिचं लग्न लावलं, बाळंतपणं केली, भाऊबीज चुकवली नाही, आता हिले वावर कायले पाहिजे? शब्दाले शब्द, सकाळचाच. तुझ्या बापानं ते ऐकलं अन् असा भडकला की खुर्ची मागं पडली. "अरे ए भैताडा, बहिणीच्या तोंडचा घास काढून तू लुगडं दाखवते?" म्हणून ओरडला. मग आवाज खाली आणून, डोळ्यात पाणी आणून, निकाल दिला की अर्धं वावर बहिणीचं, अन् तेही रस्त्याकडचं, बोडीखालची बांधी! नाव कायले घ्यायचं होतं? पण निकालाले वजन येत नव्हतं म्हणून घेतलं. हॉल कोसळायचा बाकी राहिला. मागून चंद्रकांता ओरडली, वन्स मोअर! अन् तुझ्या बापानं, वीरेंद्रा, तो निकाल पुन्हा एकदा दिला.

मुंबईच्या मॅडमच्या कानावर आलं की जज माझाच भाऊ. त्यायनं विचारलं, हे खरंच भाऊ-बहीण आहेत काय? अख्खा हॉल म्हणाला हाव. मग काय, मॅडमच्या डोळ्यातही पाणी, फोटो, हार, अन् तुमचा अहवाल. तू एका शब्दानं म्हटलं नाही की मॅडम, हे नाटक होतं, खरा कागद माझ्या घरी पाटावर आहे. म्हणणार कसा? तुझं प्रमोशन उभं होतं ना दारात.

घरी गेलो तर चहा नाही. वहिनी चुलीकडे तोंड करून बसली. तुझा बाप शाल काढून म्हणे, ते नाटक होतं, आता सही दे. मी नाही म्हटलं. तोंडातून निघून गेलं अन् माझी मीच घाबरली. तो म्हणे, मग यापुढं हे घर तुले बंद. बसमध्ये पदर तोंडावर घेऊन मी अड्याळपर्यंत रडत आली. मले वावर पाहिजे, वीरेंद्रा, साफ सांगते, पाहिजेच. त्या बांधीत आईच्या मागं चिखलात उभी राहून मी रोवणी शिकली. पण भाऊही पाहिजे. सण आला की कोंढ्याकडे पाहायचं अन् जायचं नाही, हे या वयात माझ्यानं होणार नाही.

तरी सोमवारी मी पवनीले येणार नाही. सही मिळणार नाही. तुमची फर्म दिल्लीपर्यंत कायदे बदलायले निघाली, खुशाल बदला. कायदा बदलून जमाना झाला, बदलायचा राहिला तो तू. अन् पुन्हा कधी "केवळ बंधुप्रेमापोटी" लिहावंसं वाटलं तर आधी एखादी बहीण कशी असते ते पाहून ये.

थोरायले नमस्कार सांग, लहानायले गोड पापा. आणखी काय लिहू, जेवढं सुचलं तेवढं बोलून घेतलं.

तुझ्याच भाषणाप्रमाणे जन्मानंच हिस्सेदार असलेली,
आत्या शकुन

ता. क. : लुगडं वहिनीनं पिशवीत कोंबून दिलं होतं, ते परत पाठवत नाही. रंग बरा आहे, अन् वहिनीचा त्यात काही गुन्हा नाही.

ता. क. दुसरा : मुंबईले येईन. तिकीट खिडकीजवळचं काढ. बोलीन मात्र मी माझंच, तू लिहून देऊ नको.

ता. क. तिसरा, अन् खरं तर पत्र याच्यासाठीच : काल तुझा बाप आला. एकटाच, गावातल्या धर्मेंद्रच्या मोटरसायकलवर मागं बसून, घरी न सांगता. बराच वेळ चहा ढवळत बसला. मग खाली पाहून म्हणे, "शकुन, निकाल बरा झाला होता ना वो?" मी म्हटलं, भाऊ, लय मस्त झाला. तो म्हणे, गावात आता सारे मले जजसाहेब म्हणतात, पोट्टे उठून उभे राहतात. जन्मभर जमीनदार म्हणून शिव्या खाल्ल्या, आता कोणत्या तोंडानं निकाल फिरवू? अन् पिशवीतून तहसीलचा आपसी वाटणीचा अर्ज काढला, त्याची सही आधीच झालेली. बोडीखालची बांधी माझ्या बाजूले. मी सही केली. मग दोघं मिळून रडलो, या खेपेले नेमाचं नाही, खरंखुरं. तो अर्ज आज तहसीलात गेला.

पण घरी जायचं नाव काढेना. विचारलं तर म्हणे, वीरेंद्र येणार आहे शनिवारी, तो फ्लॅटसाठी लय बोलन, मले भेव वाटते. अजून माझ्याच ओट्यावर बसून आहे. तर बाबू, तुमच्या ऑफिसात मानवी हक्काचा एखादा चांगला वकील असेल तर पाठव. एका म्हाताऱ्या माणसाले त्याच्या पोरापासून वाचवायचं आहे. डिंपल चालेल. तू नको.