उजव्या कानाचा कागद

वडगाव, बेळगाव
रविवार

प्रिय मंजू,

मोबाईलवर चार ओळी टाकायच्या सोडून यांनी पाकीट कशाला धाडलं, म्हणून आधी तू दचकशील. घाबरू नकोस, घरात सगळं धड आहे. माझी बोटं जाड, त्या पडद्यावरची अक्षरं बारीक, आणि जे लिहायचं आहे ते चार ओळींत बसणारं नाही. इंदुताईंचा गुडघा वाकतो का आता? बहिणीची सेवा कर, पण निपाणीच्या त्या गल्लीत तंबाखूच्या वखारी आहेत, तुला शिंका सुरू होतात. तोंडाला पदर लावूनच बाहेर पड. तू जाऊन आज बावीस दिवस झाले.

इथलं सांगायचं तर दोन माग चालू, दोन बंद. धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला जयाबाई येते. हात बरा आहे तिचा, पण तोंड हाताच्या पुढं धावतं, आणि मागांच्या खडखडाटात ती ओरडून बोलते. मी ओठ हलवले की "आं? काय म्हनालासा?" करत पार जवळ येते. तू असतीस तर शेडच्या त्या टोकाहून नुसत्या माझ्या ओठांवरून ओळखलं असतंस, की धागा तुटलाय का चहा पाहिजे. आपल्या गल्लीत सगळेच असं बोलतात, आवाज न काढता, ओठांनी आणि बोटांनी. पण तुझ्याइतकं कुणाला न्हाय जमलं. मी लई दमलोय गं. काम पूर्वीइतकंच आहे, तरी संध्याकाळी माग थांबले की बसल्या जागी डोळे मिटतात. भाकरी मालुबाई देते शेजारून, ती बरी असते.

ते ओठांचं बोलणंच आपल्याला नडलं, असं आता वाटतं. डावा कान तुझा लहानपणीच गालगुंडांनी गेलेला. राहिलेला उजवा जायला लागला तेव्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण शेडमध्ये तू सगळं बरोबर टिपत होतीस. घरी पाठीमागून हाक मारली तर वळायची नाहीस. मी म्हणायचो, मागाचा कान झालाय, वडगावात कुणाचा झाला नाही? आमच्या आप्पांचा झाला, यमनाप्पाकाकांचा झाला, काय बिघडलं त्यांचं? तू चालताना भिंत धरायला लागलीस, तर म्हणालो, उपास कमी कर. असं दोन वर्षं चाललं. शेवटी आपली रक्षा कोल्हापूरहून सुट्टीला आली, माझ्यावर डाफरली आणि तुला कॅम्पातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. इतके दिवस काय करत होता, असं डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

बंगळूरचा तो दिवस आठवतो ना? किरणं द्यायच्या आधी तुझ्या डोक्याला चार स्क्रू पिळून लोखंडी चौकट बसवली. तू ओठांनी विचारलंस, कशी दिसते? मी म्हणालो, नव्या मागासारखी. तशा अवस्थेत हसलीस तू. तुला आत नेलं आणि मी बाकावर बसून रडलो, हे कधी सांगितलं नव्हतं. किरणांनी गाठ वाढायची थांबली, जीव वाचला. पण कानात जे उरलं होतं ते पुढच्या दीड वर्षात थोडं थोडं गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनवरची रक्षा, मग माझा आवाज. तू एक दिवस म्हणालीस, तुम्ही घसा खाकरलात ते मला नुसतं दिसलं. मी उठून बाहेर गेलो.

तेव्हापासून घरात येणारं सगळं माझ्या तोंडून तुझ्यापर्यंत जातं. मालुबाईचं गाऱ्हाणं, पाहुण्यांचा निरोप, डॉक्टरांचं बोलणं. डॉक्टर मास्क लावून अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलतात, आणि तू माझ्याकडे बघतेस. सव्वीस वर्षांच्या संसारात तू माझ्याकडे इतकं कधी बघितलं नव्हतंस. तुझं लक्ष नेहमी कांड्यांवर, चुलीवर, लेकीवर. मला त्या बघण्याची सवय झाली. सवय कसली, आवडायला लागलं. लाज वाटते लिहायला, पण तसंच आहे.

गेल्या मंगळवारी सुट्टीला आलेल्या रक्षानं माझाही कान तपासायला लावला. त्याच डॉक्टरांकडे, त्या काचेच्या छोट्या खोलीत. दार लावलं, कानांवर ते जाड हेडफोन घातले, आणि आवाज आला की बटन दाबा म्हणाले. एक आला, मी दाबलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. काचेपलीकडे तपासणारी पोरगी काहीतरी बोलत होती, रक्षा हसत होती, आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. मी हेडफोन काढून दार उघडून बाहेर आलो. तू असल्या खोलीत वर्षभर बसली आहेस आणि दाराची कडी माझ्या हातात आहे, हे मला तिथं कळलं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मार्चमध्ये डोक्याचा फोटो काढला, नंतर त्या कानावर आणखी एक चाचणी घेतली, आणि तू कपडे बदलायला गेलीस तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, गाठ दोन वर्षं जागची हललेली नाही. नस पूर्ण मेलेली नाही. कानामागं कातडीखाली एक यंत्र बसवता येतं, त्याची बारीक तार कानाच्या आत शंखासारखा भाग असतो त्यात जाते, बाहेरचा तुकडा केसांत चिकटतो. किरणांनंतर कुणाला त्यानं चांगलं ऐकू येतं, कुणाला थोडंच, खात्री देत नाही. सुरुवातीला माणसांचे आवाज पत्र्यासारखे लागतील, कित्येक महिने रोज सराव करावा लागेल. आत लोहचुंबक राहील, त्यामुळे पुढचे फोटो काढताना अडचण येईल. पण करायचं तर उशीर करू नका. तू बाहेर आलीस आणि भुवई उचललीस. मी दोन बोटं चोळून हात झटकला, शेडमध्ये कांडी संपली म्हणून आपण झटकतो तसा, म्हणजे आता काही उरलं नाही. तू मान हलवलीस. आणि रिक्षात बसल्यावर तूच माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

पुन्हा ती चौकट, ते बाक, ती बंगळूरची गाडी मला नको होती. मी दमलोय, असं मी मनाशी म्हणालो. दमलो होतोच. पण दमलेला माणूस थोडं थांबू या म्हणतो, बायकोशी खोटं बोलत नाही. पाच महिने झाले त्याला. शुक्रवारी सकाळी रक्षाला सांगितलं. ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईला मी सांगते म्हणाली. मी म्हणालो, नको, खोटं मी बोललो, खरं मीच लिहितो. पत्र घेऊन ती स्वतः येते आहे. डॉक्टरांनी सगळं कागदावर दिलंय, चांगलं आणि वाईट दोन्ही. रक्षानं त्याचं मराठी केलं आणि खाली डॉक्टरांची सही घेतली. तो कागद सोबत आहे. येत्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. रक्षाला घेऊन जा, त्यांना मास्क काढायला सांग, जे विचारायचं ते लिहून विचार. मी आत येणार नाही. तू म्हणालीस तर दवाखान्यापर्यंतसुद्धा येणार नाही. माझ्यावर चिडायचं ते नंतर हवं तेवढं चीड, मी कुठं जात नाही. आणि सगळं समजून घेऊनही तुला नकोच वाटलं, तर नको. पण मंजू, या वेळचा नकार तुझा असू दे.

तू ठेवशील तर तुझाच,
कुमार