त्या वर्षाचा पदवीधर

प्रिय चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडायला घेशील, मला ठाऊक आहे. फाडलं नसशील तर बसून वाच. दोन वर्षांत एक ओळ न लिहिणारा तुझा बाप आज अडलाय. अडला हरी म्हणशील. म्हण, पण या खेपेला गाढवही मीच आहे.

आपलं विद्यापीठ बंद पडायच्या बेतात आहे. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघाचं सदस्यत्व महिनाअखेरपर्यंत मिळालं तरच सरकार आपल्याला राहू देणार. नाहीतर तीनशे मुलं वाऱ्यावर. कुलसचिव म्हणून बाकी अटी मी धावपळ करून पुऱ्या केल्या. सरकारी मान्यता आहे, दोन जुन्या सदस्यांची शिफारसपत्रंही मिळवली. घोडं अडलं एका अटीवर. गेली तीन वर्षं, दरवर्षी निदान एक तरी पदवीधर बाहेर पडलेला हवा. मधल्या वर्षी शेवटच्या वर्गात तू एकटीच उरली होतीस, आणि तुझ्या नावापुढे ‘तोंडी परीक्षेस गैरहजर’ असं माझ्याच हातचं लिहिलेलं आहे. संघाला चार पत्रं पाठवली, गयावया केली. उत्तर एकच, नियम म्हणजे नियम. हे वाक्य आपल्या घरात कोण म्हणायचं, तुला सांगायला नको.

त्या दिवशी तू इस्पितळात आईचा हात धरून बसली होतीस आणि मी परीक्षकांशेजारी घड्याळ बघत. ती दुपारी गेली. मी संध्याकाळी पोचलो. मला तिची फार आठवण येते गं. एकट्याचं ताट विसळताना तर फारच.

परीक्षा पुढे ढकलायचा तुझा अर्ज नियमात बसत नाही, असं मी तुला सांगितलं होतं. बसत होता. डॉक्टरांचा दाखलाही जोडलेला होता. कुलसचिवानं लेकीला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील, या भीतीनं मी तो कुलगुरूंपुढे ठेवलाच नाही, खणात दाबला. आज सकाळी तो त्यांच्या टेबलावर ठेवला, सोबत माझी लेखी कबुली. त्यांनी तुझी तोंडी परीक्षा मंजूर केली, निकालही त्याच वर्षाचा धरणार आहेत. मला घरी बसवलं. शुक्रवारी अकरा वाजता ये, पोरी. त्या मुलांसाठी मी तुझ्यापुढे हात जोडतो. आणि नाहीच आलीस, तरी चूक तुझी नव्हती, हे आता कागदावर आहे. परीक्षकांशेजारी मी नसेन.

तुझाच, उशिरा पोचणारा,
बाबा