कासारणीचे मोकळे हात

११ जानेवारी
धाराशिवला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आले. वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं ठणठणीत. दोन्ही मनगटांवरचं कोड बघितलं, बोटांच्या टोकांचंही. आधी काय लावलं? बावचीचं तेल लावून उन्हात बसले, फोड आले, सांगून टाकलं. लई बोलल्या. आता मलम, सकाळ-संध्याकाळ. आणि थोडा वेळ कोवळं ऊन. "मनगटाला रंग येईल असं वाटतं. बोटांच्या टोकांचं अवघड असतं, खोटं सांगणार नाही."
मग म्हणाल्या, "बांगड्या काढा. घासतं, कापतं तिथं नवे डाग उठतात."
म्हटलं, मॅडम, मी कासारीण. माझा भरलेला हात बघून बायका बसतात.
"मग ठरवा," म्हणाल्या.
भूम येईपर्यंत एसटीत ठरवतच होते.

१२ जाने.
ठरलं. साबण लावून चोवीसच्या चोवीस उतरवल्या. एकही वाढवली न्हाय, फुटू दिली न्हाय. हात हलका झाला आणि रडू आलं. मलम संध्याकाळी ✓
आत्याबाई, माझ्या सासूबाई, जेवल्या न्हाईत. "कोडाचं मी कधी बोलले का तुला? पण नवरा जिता असताना मोकळं मनगट? कासाराच्या घरात?" खरंच, कोडाचं आत्याबाई एका शब्दानं कधी बोलल्या न्हाईत. म्हणून जास्त लागलं. हे म्हणाले, मी जिता हाय का न्हाय ते दोघी ठरवा, तवर वाढा मला. ह्या माणसाला सगळ्यातच गंमत.

२० जाने.
बाजार. कोड बघून उठणाऱ्या बायका ठाऊक होत्या. आज नवीनच. एकीनं मनगट बघितलं, आवाज खाली आणला, "कधी झालं वो?" अगं बाई, कपाळावर एवढं कुंकू हाय की. दुसरी अर्धा डझन भरून उठली, बाकीच्या घरी घालते म्हणाली. घाल. फुटतील.

३ फेब्रु.
मलम टिकत न्हाय. बांगडी चढवताना साबणाचं पाणी, दहा गिऱ्हाइकांत सगळं धुवून जातं. आता पहाटे लावते, मग तासभर कशात हात घालत न्हाय. तेवढा वेळ आत्याबाईंना भाकरी थापाव्या लागतात. थापतात आणि मला ऐकवतात. ऐकते.

१९ फेब्रु.
काहीच न्हाय. ट्यूब भिंतीवर फेकली. उचलली. लावलं. ✓

१० मार्च
डाव्या मनगटावर, केसांच्या मुळाशी, तपकिरी ठिपके. मोजले, चार. परत मोजले, पाच. मोहरीपेक्षा बारीक. कुणाला सांगायचं न्हाय म्हटलं आणि सगळ्यांना सांगितलं. आत्याबाईंनी चष्मा लावला. "माशी बसली असंल." पदर ओला करून घासून बघितलं. निघंना. "बरं हाय मग," म्हणाल्या.
बोटं तशीच. पांढरीफट.

४ एप्रिल
ईट गावच्या मोठ्या घरून फोन. नातीचं लग्न, चुडा भरायचा. तिच्या आईचा आत्याबाईंनी भरला, तिच्या आत्याचा मी. आजीचा निरोप: "ये, पण हात भरून ये. मोकळ्या हातानं नवरीला शिवायचं न्हाय."
ते घर तुटलं की ईटमधली निम्मी घरं तुटतात. आत्याबाई म्हणतात, एक दिवस घाल की, एका दिवसानं काय होतंय. त्यांचे हात आता थरथरतात, न्हायतर त्याच गेल्या असत्या.
एक दिवस ईटला, एक दिवस सोनारीला. लगीनसराईभर एकेक दिवसच असतो. मला रंग पायजे.

१६ एप्रिल, ईट
ओसरीवर बसून लिहितेय. हात मोकळेच घेऊन आले. आजींनी उंबऱ्यातच थांबवलं. म्हटलं, "आजी, औषध चालू हाय. डॉक्टरनं काढायला लावल्यात. मंगळसूत्र हाय, कुंकू हाय, नवरा घरी टीव्ही बघत बसलाय. पोरीचा हात मी भरला तर एक काच तडकायची न्हाय. आता तुम्ही ठरवा." आजी आत गेल्या.
तास झाला. आत बायकांचा कलकलाट. कोण तरी म्हणतंय, परंड्याहून दुसरी बोलवा. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

नवरी स्वतः बाहेर आली. "मावशी, पाणी घ्या." तांब्या खाली ठेवला न्हाय, माझ्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. मनगटाकडं बघून म्हणाली, "हे ठिपके रंगाचे का?" व्हय म्हटलं. "अजून येतील?" म्हटलं, मनगटाला येतील. बोटांचं ठाऊक न्हाय. मान हलवून आत गेली.
आत अजून चाललंच हाय. तांब्या घेताना तिचा हात बघितला, सव्वादोनचं माप. त्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढून ठेवल्यात.