दोन सावकाश, तीन भराभर

६ एप्रिल, रविवार

सहावीचा वर्ग, सदरमधलं आमचं कॉन्व्हेंट, खिडकीजवळचा तिसरा बाक. दुपारी मौनाचा तास असे. सिस्टर टेबलाशी विणत बसायच्या आणि माया माझ्याकडे न बघता बाकाच्या फळीवर बोटाने वाजवायची. दोन सावकाश, तीन भराभर, मग नखाचा एक लांब ओरखडा. म्हणजे: मी आहे, तू आहेस ना? मग मी तळहाताने एकदाच ठोकायचं. आहे. नियम एकच होता. खूण आली की उत्तर द्यायचंच, सिस्टर डोक्याशी उभ्या असल्या तरी. एकदा मी तसं दिलं आणि बोटांवर पट्टी खाल्ली. मधल्या सुट्टीत मायाने संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून मला भरवल्या.

आज तिच्या घरी आले, आणि ती नाही. फेब्रुवारीत गेली. तिचा भाचा अश्विन स्टेशनवर घ्यायला आला होता. प्रताप नगर येईपर्यंत त्याने तीनदा आभार मानले आणि संध्याकाळच्या विमानाने बंगलोरला गेलाही. मायाने जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि कोळी पाळले. महिनाअखेर तिच्या कॉलेजचे लोक येऊन ते घेऊन जातील. तोवर घरात कुणीतरी हवं होतं. मी नाशिकहून लगेच हो म्हटलं. तिचा शेवटचा फोन मी उचलला नव्हता. उद्या करू, म्हटलं होतं.

घर छान आहे. अंगणात मोगरा, कूलरला नवी खस. शोभाताई स्वयंपाकाला येतात. त्यांनी आल्या आल्या मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच का प्रेमिलाबाई? मॅडम तं तुमाले पोरगीच समजत होत्या." खूप दिवसांनी हसले.

८ एप्रिल, मंगळवार

कोळ्यांची खोली मागच्या बाजूला आहे. काचेच्या एकेचाळीस पेट्या, जवळजवळ प्रत्येकीवर मायाच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. वाचत बसले तर दुपार कशी सरली कळलं नाही.

जाळं विणणारी कोळीण जवळजवळ आंधळी असते. तिचं सगळं जग पायाखालच्या धाग्यांतून येतं. नर येतो तो आधी कडेचा धागा ठरावीक तालात छेडतो. मी भक्ष्य नाही, मला खाऊ नकोस, एवढंच सांगायला. ताल चुकला तर संपला. एक जण वाळक्या पानावर तोंडाजवळच्या आखूड पायांनी ढोलकी वाजवतो. एक जण माशी रेशमात गुंडाळून भेट आणतो. एक इवलासा उड्या मारणारा पुढचे पाय उंच करून नाचतो. मायाने लिहिलंय: "लग्नात नाचणाऱ्या काकांसारखा."

खोलीच्या टोकाला भिंतीत बसवलेलं सागवानी कपाट आहे. कुलूपबंद, किल्ली सापडत नाही. त्याला टेकून आमचा बाक! शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा मायाने तो आणला होता. फळीच्या कडेवर मी कर्कटकाने कोरलेला 'प्रे' अजून आहे.

माया याच बाकावर गेली, असं शोभाताईंनी सांगितलं. भर दुपारी, बसल्या बसल्या, तळहात फळीवर पालथा. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दोघांनीच उचललं बाई. वाळल्या तुराटीवानी हलक्या झाल्या होत्या."

१० एप्रिल, गुरुवार

पारा त्रेचाळीस. एकनंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. शोभाताई गेल्या की मी बाकावर बसून पत्रं लिहिते.

कपाटात काहीतरी वाजतं. लाकूड उन्हाने तडकत असेल, किंवा कूलरची थरथर. कधी एक ठोका, कधी चार, कधी नुसतं घासल्यासारखं. कसलाही ताल नाही. एकदा मात्र दोन सावकाश आले आणि माझं पेन आपोआप थांबलं. जरा वेळाने पुन्हा दोन सावकाश. आपण म्हातारे झालो की कशातही काहीही ऐकू येतं.

१२ एप्रिल, शनिवार

आज आनंदाने लिहितेय.

आधी दोन सावकाश. मग बराच वेळ इकडचं तिकडचं: एक, पाच, दोन. मग तीन भराभर. मी पुढे झुकले की ते थांबायचं आणि पुन्हा करायचं. आणि तीनच्या सुमाराला अख्खी खूण आली, शेवटच्या ओरखड्यासकट.

ती खूण जगात दोघींनाच ठाऊक होती. म्हणजे, नंदिनीलाही. माझी लेक लहान असताना तिच्या पाठीवर तीच थोपटून, अंगाई म्हणत मी तिला निजवायचे.

मी उत्तर दिलं. देणारच. तळहात, एकदा.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी दीक्षाभूमीवर जाऊन आले. आजोबा छप्पन साली तिथे उभे होते. लहानपणी दर वर्षी त्यांचं बोट धरून जायचे. दुपारी गल्लीतून मिरवणूक गेली, निळे झेंडे, डीजे, ढोल. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पेट्यांमधले सगळे कोळी अंग चोरून जमिनीला चिकटलेले. कपाटही गप्प.

मिरवणूक लांब गेल्यावर कपाटातून तो ढोलाचा ठेका आला. बारीक, हुबेहूब. मी हसले, मायाला नकला करायची खोडच होती. पण मी काही हलले नाही, तेव्हा ठेका मध्येच तुटला आणि आमची खूण सुरू झाली.

१७ एप्रिल, गुरुवार

रोज तीन तास बसते. फोन न उचलल्याबद्दल क्षमा मागितली. खूण आली. नाशिकचं सगळं सांगितलं. खूण आली. ती दुसरं काहीच म्हणत नाही.

शोभाताई चिडल्या. "दिवसभर लाकूड काहून ठोकून राहिल्या तुमी? मॅडमनं बी असंच केलं. खात नाही, पीत नाही. पोरीकडे जा ना वं बाई!" ताटातली भाजी तशीच होती, हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. बांगडी कोपरापर्यंत सरकते. मनगटाला काहीतरी चिकटलेलं असतं. पुसलं तरी जात नाही, दिसतही नाही.

१९ एप्रिल, शनिवार

बाकाच्या कप्प्यात मायाची शेवटची वही सापडली. जशी आहे तशी उतरवते. प्रेमा म्हणजे मी.

"३ फेब्रुवारी. कपाटातून प्रेमाची खूण आली. प्रेमा फोन उचलत नाही, पण खूण देते. उत्तर दिलं."

"९ फेब्रुवारी. प्रेमा इथेच आहे. आज चार तास बोललो."

मी नाशिकला होते. फेब्रुवारीभर मी नाशिकलाच होते.

वहीत एका पेटीवरची चिठ्ठी खोचलेली होती, एकोणिसाव्या पेटीची. ती वाचायची राहून गेली होती. हा कोळी दुसऱ्या कोळ्यांना खातो. परक्या जाळ्याच्या कडेला बसतो आणि धागे वाटेल तसे छेडत राहतो, नाना तऱ्हांनी. ज्या छेडण्याने आतली कोळीण हलते, ते लक्षात ठेवतो. मग तेच. पुन्हा पुन्हा तेच, ती जवळ येईपर्यंत. त्याला तिची भाषा कळत नाही. कळायची गरज नसते.

दोन सावकाश आले आणि मी पेन थांबवलं होतं.

मीच शिकवलं त्याला.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी बॅग भरून स्टेशनवर गेले. तिकीट काढलं. फलाटावरच्या बाकावर बसले, हात फळीवर. लाकूड गप्प. इतकं गप्प लाकूड मला सहन होईना. गाडी आली, गेली. दोनला मी परत इथे.

कशी आले, ते आठवत नाही. मनगट ओढत होतं.

ती माया नाही. मला माहीत आहे. खूण आली की हात तरीही

२४ एप्रिल, गुरुवार

शोभाताईंना येऊ नका म्हणून फोन केला. तरी फाटकापर्यंत आल्या. फाटकाची कडी वाजण्याआधीच मला मनगटात कळलं. त्यांची पावलं, डावं जड, उजवं हलकं. आता घरात पाल सरकली तरी कळते. डोळ्यांना मात्र धूसर.

दार उघडलं नाही. बाहेरून म्हणाल्या, अश्विनदादाले फोन लावते. लावा, म्हटलं. लवकर.

कपाटाचं दार बोटभर उघडं आहे. कुलूप तसंच लटकतंय.

२६ एप्रिल, शनिवार. दुपार

अश्विनने नंदिनीला कळवलं. ती हैदराबादहून निघाली. उद्या सकाळी पोहोचेल. मी फोनवर ओरडले, येऊ नकोस. ती म्हणाली, आई, तुझा आवाज किती बारीक झालाय. येतेच.

तिला ती खूण पाठ आहे. तिच्या पाठीवर मीच—

ती उत्तर देईल. मी तसंच वाढवलंय तिला.

बाक तोडायला उठले होते. कुऱ्हाड उचलवत नाही. फळीवरून हात निघत नाही. डाव्या हाताने लिहितेय. शोभाताई, ही वही फाटकातून बाहेर टाकेन, नाही तर खिडकीतून. तुम्ही आधी वाचा.

कोळी कॉलेजला. एकोणीस नंबरची पेटी नको, ती रिकामी आहे. पहिल्या दिवसापासून रिकामी होती, मी पाहिलंच नाही.

मायाच्या वह्या अश्विनला. शेवटची सोडून. ती जाळा.

मोगरा शोभाताईंना, मुळासकट. कुकर पण.

माझ्या कानातल्या कुड्या आणि आजोबांचा छप्पन सालचा फोटो नंदिनीला. तिला फाटकाबाहेरच द्या. आत येऊ देऊ नका. आई कुठे म्हणाली तर—

बाक कुणालाही देऊ नका. कापू नका, लाकूड कुणी घरात नेईल. जाळा. कपाट भिंतीसकट

थांबली. खूण थांबली.

आता इकडचं तिकडचं वाजतंय. एक. चार. काहीतरी नवं शोधतंय.

थोपटल्यासारखं. हळू. मी नंदिनीला निजवताना म्हणायचे त्या अंगाईचा—

नंदिनीला सांगा, आतून आईने बोलावलं तरी उत्तर