दादांच्या मापाचं औषध

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून लिहिते. मी ठीक आहे. जेवते, झोपते, ऑफिसला जाते. तिथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच आजारी आहे.

परवा तुमच्या दादांच्या दुकानाचं कुलूप काढलं. दुरुस्तीला आलेली घड्याळं भिंतीवर तशीच आहेत, एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. ज्यांची आहेत त्यांना निरोप धाडलेत. तुमच्या दादांचा जाड कोट झटकून ठेवला आहे. थंडी वाढायच्या आत घेऊन जा.

तुम्हांला तो बसेलच. सासूबाई म्हणायच्या, "थोरल्याला एकदा घेतलं की धाकट्याची चिंता मिटली." गणवेश, बूट, सायकल, सगळं तुमच्याकडे चालत आलं. स्वतःच्या लग्नातही तुम्ही दादांचाच सूट घातला होतात आणि भर मांडवात म्हणाला होतात, "वहिनी, एक तुम्ही सोडून दादाचं सगळं वापरलंय मी!" सासूबाईंनी पाठीत धपाटा घातला. सगळ्यांत जास्त हसले ते तुमचे दादाच.

ते गेल्यावर शर्ट मी तुम्हांला दिले, मनगटी घड्याळ दिलं. न्हाणीघरातल्या फळीवरची एक वस्तू मात्र दिली नव्हती. तिचं नंतर लिहिते.

आज सकाळी धाकटीचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, ह्यांचं काहीतरी नवीनच निघालंय. कामावरून आले की आंघोळ करतात आणि खांद्यांना कसलं तरी जेल चोपडतात. विचारलं तर म्हणे दादाचं टॉनिक! आरशासमोरून हलत नाहीत, नवरदेव कुठले." मी हसले. मग ती म्हणाली, "आणि आमची पिटुकली! पाच वर्षांची कार्टी, पण हल्ली घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. रूप आईचं आणि वास बापाचा!"

मला हसू आलं नाही. दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

पिटुकली तुमच्या उघड्या खांद्यावर झोपते, भाऊजी. इथे आला होतात तेव्हाही तशीच झोपली होती.

ते टॉनिक नाही. ते टेस्टोस्टेरॉनचं जेल आहे. तुमच्या दादांच्या डोक्यातली गाठ काढली, तेव्हा मेंदूखालची ग्रंथी निकामी झाली आणि त्यांच्या शरीरात ते तयार होईना. म्हणून बाहेरून द्यावं लागायचं. "लोक भलताच अर्थ काढतील," म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तुम्हांलाही "ताकदीचं औषध" एवढंच सांगितलं. त्या "ताकदीच्या औषधानेच" ते गेले असं तुमच्या मावशी सगळ्यांना सांगत असतात, तेही खरं नाही. ते न्यूमोनियाने गेले. त्या औषधाने त्यांना इतकी वर्षं उभं ठेवलं.

पण ते त्यांच्या मापाचं होतं. आधी सकाळचं रक्त तपासलं, तेही दोनदा, आणि मगच सुरू केलं. पुढेही रक्ताची आणि प्रोस्टेटची तपासणी चुकली नाही. एकदा रक्त दाट झालं, तर त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच मात्रा कमी केली. ज्याला गरज नाही त्याने लावलं तर त्याचं शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, असं त्या सांगायच्या.

आमच्याकडे सकाळचा एक नियम होता. जेल लावून हात साबणाने धुतले की ते दोन्ही हात लांब धरून खुर्चीत बसायचे, बुजगावण्यासारखे. जेल सुकलं की मग शर्ट. तोवर मी जवळ जायचं नाही. बायकांच्या आणि मुलांच्या अंगाला ते लागू द्यायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. लहान मुलांत त्याने नको ते बदल लवकर होतात. वास हा त्यांतलाच एक.

दवाखान्यात जेल बंद होतं. एका सकाळी मी त्यांच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकवलं. बोलायचं त्राण नव्हतं, तरी म्हणाले, "अगं, माझे हात धुतलेत का?"

हे मला फोनवर बोलता आलं नसतं. म्हणून ही चिठ्ठी आजच तुमच्या कामावर, गोदामाच्या फाटकावर देऊन जाते. आजपासून ते लावू नका. धाकटीला आजच सांगा, तिलाही ते लागलेलं असणार. चादरी, बनियन धुवायला टाका. उद्या पिटुकलीला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि काही न लपवता सांगा. लागणं थांबलं की बहुतेक बदल ओसरतात असं ऐकलं आहे, पण ते त्यांनी पाहून ठरवायचं, तुम्ही-आम्ही नाही.

तुम्ही थकता हे मला दिसतं. रात्रपाळीने थकत असाल. धाकटी म्हणते घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जातं, झोपेचंही काही असेल, आणि तसं असलं तर हे जेल ते आणखी बिघडवू शकतं. किंवा तुम्हांला खरोखरच ह्या औषधाची गरज असेल. असली तर तुमच्या मापाचं मिळेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमचे दादा लाजले, तेवढं आपल्या घराला पुरे झालं.

न्हाणीघरातल्या फळीवरची ती बाटली तुम्ही चोरलीत असं माझ्या मनात आलं नाही. दादाचं ते तुमचं, हे आम्हीच तुम्हांला शिकवलं.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे तुमच्या नावाने वेळ घेतली आहे. बाटली सोबत आणा. पिटुकलीलाही आणा, पण अंगभर शर्ट घालून, हात धुऊन, बोट धरून. तुम्ही आत असाल तेव्हा ती माझ्याजवळ बसेल. बाहेरच्या बाकावर थांबायची मला सवय आहे.

वाट पाहणारी,
तुमची वहिनी