बुरशी कुठून आली

आई, आज वर्गात तुझ्या लोणच्याच्या बरणीचा विषय निघाला. वर्तकनगरच्या घरातली, एका वर्षी बुरशी धरलेली, तीच. तू गेलीस तेव्हा कोरोना हा शब्दही आपल्या घरात कुणी ऐकला नव्हता. नंतर त्या विषाणूने जगाला घरात कोंडलं, आणि तो मुळात आला कुठून यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. प्राण्यांतून, बाजारामार्गे माणसात आला असं बरेच जण म्हणतात. प्रयोगशाळेतून निसटला असेल असं काही जण. मी डोंबिवलीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणजे मला उत्तर माहीत असणारच, असं पोरांनी धरलेलं. मीही मागच्या आठवड्यात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, बाजारच. आज पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण सुरुवातीचे नमुने पुरेसे नाहीयेत ना? मग तुम्ही एवढ्या शुअर कशा?" माझे कान गरम झाले. आणि एकदम तू दिसलीस.

तू ओट्याशी उभी आहेस, बरणीत डोकावतेयस. "ओला चमचा कुणी घातला?" दादा म्हणतो, "अगं आई, बरणीच नीट वाळली नसेल." झालं! तुझ्या बरणीवर संशय! तू लोणचं टाकून दिलंस, बरणी खसाखसा घासून उन्हात पालथी घातलीस, चमचासुद्धा धुतलास, आणि मग पदर खोचून चौकशी सुरू केलीस. पुरावा मोरीतून वाहून गेलेला, आणि निकाल देणारी तू, जिच्या बरणीवर आरोप होता. दादा दोषी ठरला.

हे सांगितलं तर मुलं हसून लोळायची बाकी राहिली. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, अन्याय झाला त्यांच्यावर." मागून एकजण, "अगं, पण म्हणून ते सुटले असं पण नाही ना." मग कशाने ठरलं असतं यावरच तास गेला. बरणीच्या तळाशी पाणी होतं का, त्याच फोडी दुसऱ्या बरणीत टिकल्या का. टिकल्या होत्या का गं? घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, माझा कल बाजाराकडे आहे, खात्री नाही. इतकी वर्षं शिकवतेय, पण वर्गातून इतक्या आनंदात कधी बाहेर पडले नव्हते.

दादा आता टिटवाळ्याला असतो. अजूनही लोणचं घेण्याआधी चमचा वर धरतो, "कोरडा आहे, बघून घ्या," म्हणतो, आणि सगळे हसतात. सगळ्यात मोठ्याने मी. हे पत्र तुला पोचायचं नाही, तेव्हा रविवारी त्यालाच वाचून दाखवेन म्हणते. कारण बुरशी धरली त्या आठवड्यात एका दुपारी, शाळेतून आल्या आल्या, बरणीत चमचा मी घातलेला, आई. तो ओला होता की कोरडा, ते मात्र मला खरंच आठवत नाही.