डब्याचं प्रकरण

सोम. ३ फेब्रु.
चिकू निवडता निवडता डॉक्टरसाहेबांचं पुस्तक ऐकायला घेतलं. आमच्या दवाखान्यात होते, त्या दिवसांवरचं. वाचून दाखवलंयही त्यांनी स्वतःच. आमच्या ह्यांनी डोकं खाल्लं होतं, हसून हसून लोळशील म्हणून. बघू.

मंगळ. ४
एकदाही हसू आलं नाही. येईल तो पेशंट बावळट, साहेब तेवढे शहाणे. ड्यूटीवर झोपायचे, उठवलं की खेकसायचे, ते कुठे गेलं? आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून.

गुरु. ६
डोकं फिरलंय. लखमीमावशींच्या सुनेचं बाळंतपण घातलंय त्यात. मावशी आमच्याच वॉर्डात आया! इथे बाळंतिणीची वार घरी नेऊन पुरतात, पोरासोराला ठाऊक आहे. पुस्तकात मावशींचा मुलगा स्टीलचा डबा आणतो, साहेबांना वाटतं पेढे आले. मग जीपमध्ये लोक डब्याचा वास घेतात वगैरे. मावशींची बोली नाकातून काढून दाखवलीय.
बाळ मेलेलं जन्मलं होतं. पुस्तकात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. मी होते तिथे. मावशींनी बाळ फडक्यात घेतलं, मुलाने वारेचा डबा. दोन्ही एकत्र पुरायचं होतं. पोर ठेवलं तर हसणार कोण, म्हणून उडवलं. नालायक माणूस.

शुक्र. ७
हे म्हणाले, विनोद आहे, एवढं काय मनावर घेतेस. म्हटलं, आज हाताने वाढून घ्या.
साहेबांना मेसेज टाकला, बाळाचं का नाही लिहिलं? उत्तर आलं, "सिस्टर, ऐकणाऱ्याला जड होतं." वर हसरा चेहरा. संताप संताप.

सोम. १०
नको तेच झालं. साहेबांच्या पुस्तकात तुम्ही आहात, असं कुणीतरी मावशींना सांगितलं. हरखल्यात नुसत्या. साहेबांवर माया फार. मला आयकव म्हणून मागे लागल्यात. मोबाइलला चार्ज नाही म्हणून सुटले.

बुध. १२
आज दुपारी धरलंच. बाकावर शेजारी बसून लावून दिलं. स्वतःची नक्कल ऐकून हसल्या, तोंडाला पदर लावून. जीपचं आलं तसा पदर खाली घेऊन मोबाइलला कान लावला. प्रकरण संपलं, मी बंद करायला गेले तर माझा हात धरला.
"पोराचं पुढं येल ना, बाय?"
मी पुस्तक शेवटपर्यंत ऐकलंय. तोंडातून निघालं, उद्या ऐकू.
"मंग लेकाला पन आनते."
उद्या रजा टाकू? टाकली तरी परवा दोघं येऊन बसणारच.